शनिवारचे दोन तास

(माजी विद्यार्थ्यांच्या स्नेहमेळाव्यात, पिपरी मेघे येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून आपण एकमेकांचे टकले आणि चष्मे पाहून हसतो आहोत. कोण डॉक्टर झालं, कोण पुण्याला गेलं, कोणाचा मुलगा अमेरिकेत आहे, हे सगळं कळलं. आता संयोजकांनी मला सांगितलं, ‘तू ते स्काऊटचं काहीतरी करतोस ना, त्यावर दहा मिनिटं बोल.’ ‘ते स्काऊटचं काहीतरी’ हे शब्द मला नवीन नाहीत. ऑफिसात, नातेवाइकांत आणि घरातसुद्धा माझ्या या उद्योगाला हेच नाव आहे.

तर हे काहीतरी म्हणजे काय, ते आधी सांगतो. मी नोकरी करतो हिशेबाची, एका खासगी कंपनीत. मी शिक्षक नाही. दर शनिवारी दुपारी चार ते सहा मी इथल्याच एका मैदानावर मुलांचं स्काऊट पथक घेतो. बारा वर्षं झाली. याचा पगार नाही, मानधन नाही. शिट्टीसुद्धा स्वतःच्या पैशांची आहे.

आपल्याकडे स्काऊट-गाईड बहुतेक शाळेतच असतं. मुख्याध्यापक एखाद्या शिक्षकाला सांगतात, ‘यंदा स्काऊट तुमच्याकडे.’ त्या शिक्षकाकडे आधीच परीक्षा, निवडणूक, सर्वेक्षण आणि पोषण आहाराची नोंद असते. त्यात हे आणखी एक. तरीही अनेक शिक्षक ते मनापासून करतात, आणि आज समोर बसलेल्या आपल्या सरांनी ते किती वर्षं केलं, हे आपल्याला माहीत आहे. आमचं पथक शाळेबाहेरचं आहे. कोणत्याही शाळेचं मूल येऊ शकतं. म्हणून ते चालवायला कोणीतरी बाहेरचं माणूस लागतं.

थोडा इतिहास सांगतो, फार नाही. 1907 साली बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडमध्ये ब्राऊनसी बेटावर वीसेक मुलांचं शिबिर घेतलं. काही मुलं श्रीमंतांच्या शाळांतली, काही कामगारांच्या घरची. त्यांना लहान लहान गटांत विभागलं आणि प्रत्येक गटाचा प्रमुख मुलांमधूनच नेमला. सगळी स्काऊटिंग या एका युक्तीवर उभी आहे. 1909 मध्ये बंगळूरला भारतातलं पहिलं पथक निघालं, पण सुरुवातीला ते इंग्रज आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी होतं. आपल्या मुलांना दार बंद. मग ॲनी बेझंट यांनी मद्रासकडे, आणि मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू, श्रीराम वाजपेयी यांनी अलाहाबादकडे भारतीय मुलांच्या संघटना उभ्या केल्या. स्वातंत्र्यानंतर, 7 नोव्हेंबर 1950 ला, वेगवेगळ्या संघटना एकत्र येऊन भारत स्काऊट्स आणि गाईड्स झाली. पुढच्या वर्षी 15 ऑगस्टला मुलींची गाईड संघटनाही त्यात आली. म्हणजे ही चळवळ आपल्यापर्यंत आली तीच मुळी कोणीतरी पदराला खार लावून, आपल्या वेळातून वेळ काढून चालवली म्हणून.

आता रोजच्या अडचणी सांगतो. तुम्हाला वाटत असेल, गाठी शिकवणं अवघड असतं. गाठी सोप्या आहेत. रीफ नॉट मुलं दहा मिनिटांत शिकतात. अवघड असतं ते बाकीचं.

पहिली अडचण कॅलेंडरची. शिबिर कधी घ्यायचं? मे महिन्यात सुट्टी असते, पण वर्ध्याचा मे तुम्हाला माहीत आहे. पारा 45 च्या पुढे असताना तंबूत मूल ठेवायचं म्हणजे सलाईनची सोय करूनच निघावं लागेल. पावसाळ्यात काळी माती बुटाला सोडत नाही आणि साप-विंचवाची भीती. दिवाळीच्या सुट्टीत कोणाकडे सोयाबीन घरात यायचं असतं, कोणाकडे कापसाची वेचणी सुरू झालेली असते, आणि आमच्या पथकातली चार-पाच मुलं त्या दिवसांत आजोबांच्या गावी शेतात असतात. उरले डिसेंबर-जानेवारी. तेव्हा शाळांची स्नेहसंमेलनं, आणि नववी-दहावीच्या मुलांच्या सराव परीक्षा. वर्षात दोन रात्रींचं एक शिबिर बसवायचं तर जूनपासून तारखा जुळवाव्या लागतात.

दुसरी अडचण पालकांची, आणि ती त्यांच्या जागी रास्त आहे. एक वडील मला म्हणाले, ‘सर, बाकी सगळं ठीक आहे, पण रात्री काही झालं तं?’ या प्रश्नाला छापील उत्तर चालत नाही. जागा कोणती, पाणी कुठलं, दवाखाना किती लांब, रात्री जागं कोण राहणार, हे एकेका घरी जाऊन सांगावं लागतं. आमचे काही नियम पक्के आहेत. किमान दोन मोठी माणसं असल्याशिवाय मुलांना कुठेही न्यायचं नाही. एकट्या मुलासोबत एकट्या मोठ्या माणसाने बंद जागेत थांबायचं नाही. पवनारला धाम नदीवर गेलो तर काठावरूनच नदी पाहायची, पाण्यात उतरायचं नाही, कोणी कितीही पोहणारा असो. 2012 साली पोक्सो कायदा आला. त्यानंतर ‘आमचा तुमच्यावर विश्वास आहे’ असं पालक म्हणाले तरी मी म्हणतो, विश्वास ठेवाच, पण नियमही वाचा. नियम मुलाचं रक्षण करतो आणि माझंही.

दुसरा प्रश्न हमखास येतो: ‘याचे मार्क किती भेटते?’ मी त्यावर चिडत नाही. ज्यांच्या घरी शिकवणीची फी महिन्याच्या पगारातून कापून जाते, ते प्रत्येक तासाचा हिशेब मागणारच. मी सांगतो, प्रवेश, प्रथम सोपान, द्वितीय सोपान, तृतीय सोपान, मग राज्य पुरस्कार, राष्ट्रपती पुरस्कार अशा पायऱ्या आहेत, प्रमाणपत्रं आहेत. पण तुमचा मुलगा सहा महिन्यांनी स्वतःचं अंथरूण स्वतः उचलतो का, ते पाहा आणि मग ठरवा.

तिसरी अडचण पैशांची. गणवेश, स्कार्फ, बेल्ट, टोपी हे एका मुलामागे हजाराच्या आसपास जातं, आणि मूल दीड वर्षात त्यातून वाढतं. आम्ही एक लोखंडी पेटी ठेवली आहे. गणवेश आखूड झाला की धुऊन, इस्त्री करून त्या पेटीत यायचा आणि पुढच्या मुलाला जायचा. कोणाचा शर्ट नवा आणि कोणाचा पेटीतला, हे रांगेत उभं राहिल्यावर ओळखू येत नाही.

आणि ‘खरी कमाई’. मुलांनी स्वतःच्या कष्टाने चार पैसे कमवायचे, असा तो उपक्रम. बऱ्याच ठिकाणी काय होतं, आया पहाटे चारला उठून पदार्थ करतात आणि मुलं फक्त विकतात. मग कमाई कोणाची? आम्ही ठरवलं, जे विकाल ते तुम्हीच करायचं. लिंबू सरबत करा, भेळ करा, सायकली पुसा. पहिल्या वर्षी सरबत इतकं आंबट झालं की लोकांनी एक घोट घेऊन पैसे दिले आणि ग्लास ठेवून गेले. मुलांनी तो धडा लक्षात ठेवला. दुसऱ्या वर्षी आधी चव घेतली. इथून पाच-सहा मैलांवर सेवाग्राम आहे. हाताने काम करत शिकण्याचा नई तालीमचा विचार 1937 साली आपल्या वर्ध्याच्याच शिक्षण परिषदेत मांडला गेला. आपल्या गावाला ही गोष्ट बाहेरून शिकायची गरज नाही.

पण सगळ्यात कठीण काम वेगळंच आहे. ते म्हणजे हात मागे बांधून उभं राहणं. बारा वर्षांचा संघनायक आपल्या संघातल्या सात मुलांना तंबू उभारायला सांगतो आहे, दोर उलटा बांधला आहे, तंबू पडणार हे मला दिसतं आहे. मी पुढे झालो तर दोन मिनिटांत तंबू उभा राहील. मागे राहिलो तर अर्धा तास लागेल, दोघांचं भांडण होईल, तंबू एकदा पडेल, पण तो मुलांनी उभा केलेला असेल. मोठ्या माणसाला याची सवय नसते. घरी आपण मुलाचं दप्तरसुद्धा भरून देतो. धोका असेल तिथे लगेच पुढे व्हायचं, आणि नुसता गोंधळ असेल तिथे थांबायचं. धोका कुठला आणि गोंधळ कुठला, हे ओळखणं हेच स्काऊट मास्तरचं खरं शिक्षण.

एक मुलगा आमच्याकडे आला, सातवीत. नाव सांगत नाही. अभ्यासात मागे, वर्गात शेवटच्या बाकावर. महिनाभर तो रांगेतही मागेच उभा राहायचा. शिबिरात बिनभांड्याचा स्वयंपाक होता. शहरातल्या वाढलेल्या मुलांनी कणकेचे गोळे करून सरळ जाळात टाकले. वरून कोळसा, आतून कच्चे. हा मुलगा उठला, म्हणाला, ‘असं नाही रे.’ त्याने पऱ्हाट्या आणि गोवऱ्या रचल्या, जाळ खाली बसू दिला, मग निखाऱ्यात रोडगे लावले आणि वरून राख ओढली. आजीच्या गावी तो हे लहानपणापासून पाहत आला होता. त्या दुपारी चारही संघांचे संघनायक त्याच्याभोवती उकिडवे बसून शिकत होते. अभ्यासात तो पुढे एकदम हुशार झाला, असं काही सांगणार नाही. पण पुढच्या शनिवारपासून तो रांगेत मागे उभा राहिला नाही. मुलाला येतं काय हे शोधायला शाळेकडे वेळ कमी पडतो. त्यासाठी आई-वडिलांखेरीज आणि शिक्षकांखेरीज आणखी एखादं मोठं माणूस मुलाच्या आयुष्यात लागतं. एवढाच माझ्या बारा वर्षांचा निष्कर्ष आहे.

आता ज्यासाठी मी संयोजकांना हो म्हणालो, ते बोलतो.

आमच्या मैदानावर मुलींचं गाईड पथकही होतं. ते चालवणाऱ्या ताईंच्या घरच्यांची बदली झाली आणि जूनमध्ये त्या गेल्या. तेव्हापासून पथक बंद आहे. गाईड पथकाची गाईडर स्त्रीच असावी हा संघटनेचा नियम आहे, आणि तो योग्यच आहे. मी मुलींचं पथक घेऊ शकत नाही. अकरा मुली होत्या. त्यातल्या दोघी अजूनही शनिवारी चार वाजता कुंपणापाशी सायकल टेकवून उभ्या राहतात आणि मुलांचे खेळ पाहतात. मागच्या आठवड्यात एकीने विचारलं, ‘सर, आमचं कधी सुरू होणार?’ तिचा तृतीय सोपान अर्धा झाला आहे. वय थांबत नाही. दोन वर्षं अशीच गेली तर तिचं गाईडचं वय संपत येईल.

आज या सभागृहात आमच्या वर्गातल्या चौदा मैत्रिणी बसल्या आहेत. त्यातल्या सहा जणी वर्ध्यात आणि आसपास राहतात. मी सकाळी मोजलं. (हशा)

तुम्ही काय म्हणाल तेही मला माहीत आहे. ‘मला गाठी येत नाहीत.’ येतील. सात दिवसांचा बेसिक कोर्स असतो, त्यात सगळं शिकवतात. पुढे ॲडव्हान्स कोर्स आहे. आवड लागली तर हिमालय वुड बॅज आहे, आणि पचमढीला राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र आहे, तिथे जाण्याच्या निमित्ताने सातपुडाही पाहून होतो. ‘घरचे काय म्हणतील?’ माझ्या घरचे पहिली दोन वर्षं बोलले, आता शनिवारी साडेतीनला चहा तयार असतो. ‘या वयात?’ आपण सगळे पंचेचाळीस ओलांडलेले. मुलं मोठी झाली, काहींची घरं सुनीसुनी झाली. हेच वय आहे.

पंधरा लेकरांना हाताळण्याचं कौशल्य लागतं असंही नाही. लागतं ते एकच, शनिवारी चारला हजर असणं. मूल आठवडाभर वाट पाहून येतं आणि मोठं माणूस आलेलं नसतं, तर ते पुढच्या शनिवारी येत नाही.

पुरुष मंडळींनी सुटलो म्हणू नये. तुमच्यात दोन डॉक्टर आहेत. वर्षातून दोन दुपारी येऊन प्रथमोपचार शिकवा, उन्हाची लू लागली तर काय करायचं ते सांगा. ज्याचं सायकलचं दुकान आहे त्याने पंक्चर काढायला शिकवावं. स्वयंपाक, सायकल, प्रथमोपचार अशा कितीतरी प्रावीण्य बॅजसाठी जाणकार परीक्षक लागतात. आणि ज्यांना काहीच जमणार नाही, त्यांनी एखाद्या रविवारी हनुमान टेकडीवर आमच्यासोबत चालावं, दुसरं मोठं माणूस म्हणून. लोकांनी श्रमदानातून झाडं जगवलेली ती टेकडी मुलांना दाखवायला मला दर वेळी एक सोबती शोधावा लागतो.

आज आपण सरांना शाल दिली, श्रीफळ दिलं. सर, तुम्ही आम्हाला शिकवलेलं बरंच आम्ही विसरलो, गणित तर नक्कीच. पण सुट्टीच्या दिवशी तुम्ही आमच्यासाठी मैदानावर आलात, ते कोणी विसरलेलं नाही. तेव्हा त्याची किंमत आम्हाला कळली नव्हती. तुमचंही घर होतं, तुमचीही मुलं होती.

बाहेर चहाच्या टेबलापाशी मी एक वही ठेवली आहे. पहिल्या पानावर ‘गाईडर’ लिहिलं आहे आणि खाली जागा रिकामी आहे. दुसऱ्या पानावर बाकीच्या मदतीची यादी आहे. ज्यांना वाटेल त्यांनी नाव आणि फोन लिहावा. आज जमलं नाही तर येत्या शनिवारी चार वाजता नुसतं पाहायला या. त्या दोघी कुंपणापाशी असतील, त्यांच्याशी बोला.