अंदमानला कधी जावं?
(वसंत व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



मी आयुष्यभर वनस्पतिशास्त्र शिकवलं आणि निरनिराळ्या ऋतूंत पाच वेळा अंदमानला जाऊन आलो. त्यामुळे गावात कुणी भेटलं की विचारतं, "सर, अंदमानला चांगला सीझन कोणता?" भाजी घेताना दोन वाक्यांत या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही. म्हणून आयोजकांनी विषय विचारला, तेव्हा मी हाच सांगितला.

'चांगला सीझन' म्हणताना बहुतेकांच्या मनात 'पाऊस नसलेला सीझन' असतो. त्यात गैर काही नाही. वर्षभर पैसे साठवून, रजा जुळवून, आईवडिलांना घेऊन माणूस निघतो. चार दिवस खोलीच्या खिडकीतून पावसाच्या धारा बघत बसायला कुणाला आवडेल? पण अंदमान ही पावसाने घडवलेली बेटं आहेत. तिथलं झाड, ओढा, गाव, बोटीचं वेळापत्रक, सगळं पावसाच्या हिशेबाने चालतं. त्यामुळे तो पाऊस आधी समजून घेऊ आणि मग तारखेकडे येऊ.

अंदमानचा पाऊस आपल्याला अगदीच अनोळखी नाही. दरवर्षी मे महिन्यात आपण एका बातमीची वाट पाहतो: मान्सून अंदमानात दाखल. तिथे त्याची सरासरी तारीख २२ मे. केरळात तो १ जूनला येतो आणि जूनच्या पहिल्या पंधरवड्यात कोकणात उतरतो. आपल्याकडे नांगरट उरकून बसलेला शेतकरी ती बातमी वाचतो तेव्हा त्याच्या मनात स्वतःचं शिवार असतं. ज्या बेटांवर तो पाऊस त्या दिवशी प्रत्यक्ष कोसळत असतो, त्यांचा विचार आपण सहसा करत नाही.

आपल्यापर्यंत पोचतो तो या पावसाचा एकच फेरा, नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांचा. अंदमानला दोन फेरे मिळतात. मेच्या उत्तरार्धापासून सप्टेंबरपर्यंत नैर्ऋत्येकडून, आणि मग ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्येकडून. जानेवारी ते एप्रिल हे खरे उघडीपीचे महिने, त्यातही फेब्रुवारी आणि मार्च सर्वांत कोरडे. तपमानाचा प्रश्नच नाही. बारा महिने पारा तेवीस ते एकतीस अंशांच्या आसपास फिरतो. तिथे हिवाळा नाही आणि विदर्भातला उन्हाळाही नाही.

आता इथे थोडं थांबतो, कारण या विषयातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट इथेच आहे. पोर्ट ब्लेअरला वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्या महाबळेश्वरला साडेपाच हजारांच्या पुढे. म्हणजे महाबळेश्वरचा पाऊस पावणेदोन-दोन पट! मग महाबळेश्वरला अंदमानसारखं चाळीस-चाळीस मीटर उंचीचं रान का नाही? तिथली जांभळं, अंजनी, हिरडे बुटके, वाऱ्याने वाकलेले का? वारा, उंची, जांभा दगड ही कारणं आहेतच. पण मोठं कारण कॅलेंडरात आहे. महाबळेश्वरचा जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून वाहून जातो, आणि मग सात-आठ महिने झाडाला कळ काढावी लागते. अंदमानात तोच पाऊस आठ महिन्यांत वाटलेला आहे. झाडाला विचारलं तर ते सांगेल की मला वर्षाची बेरीज नको, दोन सरींमधलं अंतर सांगा.

म्हणून तिथे गर्जनसारखा सदाहरित वृक्ष उभा राहतो. सरळसोट खोड, पहिली फांदी इतक्या उंचावर की मान दुखावी. अशा थोराड झाडांच्या बुंध्याला भिंतींसारख्या फाकलेल्या मुळांचा आधार असतो. पावसाने सतत धुतल्या जाणाऱ्या जमिनीत अन्न वरच्या थरातच असतं, मुळं खोल जात नाहीत, आणि एवढा भार पेलायला बाजूने टेकू लागतो. खालच्या झुडपांची पानं पाहा: टोकं लांब निमुळती, पन्हळीच्या तोंडासारखी, पाणी झरकन निथळून जावं म्हणून. हे सगळं कोरड्या फेब्रुवारीतही दिसतं. पण ते कशासाठी आहे, हे कळतं पावसात.

एकदा सप्टेंबरअखेर मी हॅवलॉकला होतो. आता त्याचं नाव स्वराज द्वीप आहे, पण बोटीवरची माणसं अजून हॅवलॉकच म्हणतात. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेली अनेक कुटुंबं तिथे वसवली गेली. अशाच एका घरी मी उतरलो होतो. परतीच्या दिवशी समुद्र खवळला आणि घरच्या बाई सांगायला आल्या, "दादा, जहाज नहीं जाएगा. दो दिन और रुको." माझा पुढचा सगळा बेत कोलमडला आणि मी चिडलो. मग करण्यासारखं दुसरं काही नव्हतं, म्हणून राधानगर किनाऱ्यामागच्या रानात जाऊन उभा राहिलो.

त्या किनाऱ्याच्या कडेला समुद्री मोहाचे प्रचंड वृक्ष आहेत. त्यांच्या मागे आत शिरलो तेव्हा पाऊस जोरात होता, पण अंगावर सर येत नव्हती. सर वरच्या वर, चार मजल्यांवर अडत होती. माझ्यापर्यंत येत होते ते फक्त थेंब, पानापानावर थांबत आलेले, आणि खोडांवरून उतरणारे पाण्याचे ओघळ. बाहेर पाऊस थांबला तरी आतला पाऊस अर्धा तास चालूच राहिला. पडलेल्या ओंडक्यावर छत्र्या उगवल्या होत्या. बेडूक इतके ओरडत होते की समुद्राची गाज ऐकू येईना. खोडांना चिकटलेले नेचे आणि आमऱ्या, ज्या मी फेब्रुवारीत सुरकुतलेल्या पाहिल्या होत्या, त्या टवटवीत उघडल्या होत्या. घोट्याला दोन जळवा लागल्या, त्या घरी आल्यावर दिसल्या. तीस वर्षं मी मुलांना वर्षावन शिकवलं होतं. पाहिलं त्या दोन दिवसांत.

याच रानात हजारो वर्षं राहिलेल्या माणसांनी ऋतू कसे मोजले, हेही सांगायला हवं. ए. आर. रॅडक्लिफ-ब्राऊन हे मानववंशशास्त्रज्ञ १९०६ ते १९०८ या काळात अंदमानात राहिले, आणि १९२२ मध्ये त्यांचा अंदमानच्या आदिवासींवरचा ग्रंथ निघाला. त्यात त्यांनी लिहिलं आहे की वर्षातला मोठा काळ या जंगलात एकामागून एक झाडं आणि वेली फुलत जातात आणि त्या क्रमाने रानाचा वास बदलतो. तिथल्या लोकांनी त्या त्या काळाला त्या त्या फुलाचं नाव दिलं होतं. वासांचं पंचांग म्हणा ना! आपण चैत्र म्हणतो, ते फुलाचं नाव घेत. दोन वाऱ्यांनाही त्यांनी दोन व्यक्तिमत्त्वं दिली होती: ईशान्येचा वारा म्हणजे बिलिकू आणि नैर्ऋत्येचा तराई. बिलिकू रागावली की वादळ येतं. तिला राग कशाचा? कुणी मधमाश्यांचं मेण जाळलं किंवा वितळवलं, किंवा झाडावरचे सिकाडा किडे गात असताना गोंगाट केला, तर. सिकाडा गात असताना माणसाने गप्प राहावं, हा नियम मला फार आवडतो. तिथल्या रानात शिरणाऱ्या प्रत्येक सहलीला तो आजही लागू करावा. ज्यांचं हे पंचांग होतं, त्या ग्रेट अंदमानी समाजात आज शंभर माणसंही उरलेली नाहीत.

आता दुसरी बाजू तितक्याच स्पष्टपणे सांगतो. पावसाळ्यात समुद्र धोक्याचा असतो. बेटांमधल्या बोटी रद्द होतात, किनाऱ्यावर लाल बावटा लागतो, पाणी गढूळ होतं आणि प्रवाळ पाहण्यासाठी उतरण्यात अर्थ उरत नाही. ज्यांना समुद्राच्या पोटातलं जग बघायचं आहे, त्यांनी जानेवारी ते एप्रिल या काळातच जावं. ईशान्य मान्सूनचे महिने तर फसवे. ऊन पडतं, आकाश निळं होतं, आणि बंगालच्या उपसागरात चक्रीवादळ आकार घेत असतं. डिसेंबर २०१६ मध्ये हॅवलॉक आणि नील या बेटांवर हजाराहून अधिक पर्यटक अडकले. शेवटी नौदलाच्या जहाजांनी त्यांना बाहेर काढलं. दिवाळीची सुट्टी नेमकी याच मोसमात येते. त्या सुट्टीत जाणाऱ्यांनी परतीचं विमान बेटावरून निघाल्याच्या दुसऱ्याच दिवशी ठेवू नये.

आणि मे महिना? आपल्या शाळांना सुट्टी असते म्हणून मराठी सहली मे महिन्यात मोठ्या संख्येने जातात. मला विचाराल तर अंदमानसाठी हा सर्वांत गैरसोयीचा महिना. समुद्राचं पाणी तापलेलं असतं. २०१० च्या एप्रिल-मेमध्ये ते इतकं तापलं की अंदमानभोवतीचं प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरं पडलं. पोर्ट ब्लेअरची तहान प्रामुख्याने धनीखाडीच्या धरणावर भागते आणि उन्हाळ्याअखेर ते तळाला जातं. तीन हजार मिलिमीटर पावसाच्या गावात लोकांना दिवसाआड, कधी त्याहूनही उशिरा पाणी मिळतं. त्याच वेळी आपण हॉटेलात दोनदा आंघोळ करतो. जलसाठा भरलेला असताना जाणं, हाही मोसम निवडण्याचा एक निकष असला पाहिजे, असं मी मनापासून मानतो.

सेल्युलर जेलबद्दल मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. सावरकरांच्या जयंतीला, २८ मे रोजी, तिथे असावं असं अनेकांना वाटतं. ती तारीख मान्सून नुकताच उतरल्यानंतरची आहे, एवढं लक्षात ठेवून जा. पुण्यतिथी २६ फेब्रुवारीची. तेव्हा बेटं कोरडी आणि समुद्र शांत. पण आणखी एक तारीख सांगतो. सावरकरांना घेऊन 'महाराजा' हे जहाज अंदमानात पोचलं ते ४ जुलै १९११ रोजी, ऐन पावसाळ्यात. त्या कोठडीच्या उंचावरल्या लहानशा गवाक्षातून पावसाचा आवाज ऐकत मी एकदा जुलैमध्ये उभा होतो. काळं पाणी हा शब्द लहानपणापासून माहीत होता. त्याचा अर्थ मला त्या दिवशी भिडला.

कासवांसाठी जाणार असाल तर डिसेंबर ते फेब्रुवारी. रंगतजवळचा कथबर्ट बे आणि दिगलीपूरजवळचा कालीपूर किनारा इथे रात्री माद्या अंडी घालायला येतात. एकट्या कालीपूरला समुद्री कासवांच्या चार जाती येतात. बॅटरी लावू नका, वनखात्याचा माणूस सांगेल तेवढ्या अंतरावर थांबा. तिथूनच जवळ सॅडल पीक आहे, सातशे बत्तीस मीटर, अंदमानातलं सर्वांत उंच शिखर. सिंहगड चढणाऱ्याला उंचीची भीती नाही, दमट हवेची मात्र आहे. पहाटे निघा. तिथे घड्याळ आपलंच असतं पण सूर्य आपला नसतो: डिसेंबरात संध्याकाळी पाचच्या सुमारास दिवस मावळतो. सातला उठणाऱ्या माणसाचा प्रकाशातला दीड तास रोज वाया जातो.

बाराटांगच्या चुनखडीच्या गुहांकडे जाणारा रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. तिथे गाड्यांचा तांडा बंदोबस्तात सोडतात. त्या रस्त्यावर जारवा दिसावेत म्हणून कुणी जात असेल, तर त्याच्यासाठी वर्षात एकही योग्य महिना नाही. कॅमेरा बाहेर काढू नका, खाऊ फेकू नका, खिडकीची काच खाली करू नका. सागरी मार्गाने जाता आलं तर तसंच जा.

तेव्हा आता माझं उत्तर. आयुष्यात एकदाच जाणार असाल आणि रान व समुद्र दोन्ही पाहायचे असतील, तर जानेवारीचा दुसरा पंधरवडा ते फेब्रुवारीचा मध्य. नाताळची गर्दी ओसरलेली असते, समुद्र निवळलेला असतो, कासवं किनाऱ्यावर येत असतात. ईशान्य मान्सून नुकताच संपलेला असल्यामुळे ओढे वाहते असतात, धरणात पाणी असतं. पडौक या वृक्षाची पानगळ पुढे सरकून कोरड्या उतारांवरचं रान उघडं पडण्याआधीचे हे दिवस. मुलांच्या शाळेतून आठ दिवसांची रजा काढावी लागली तर काढा.

आणि ज्यांना वर्षावनच पाहायचं आहे, गुडघे शाबूत आहेत आणि वेळ हाताशी आहे, त्यांनी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये जावं. बोट चुकली तर चुकली, एवढी तयारी हवी. कॅमेऱ्याला प्लास्टिकची पिशवी, पायात लांब मोजे, जळवांसाठी खिशात मीठ.

मे महिन्यात वर्तमानपत्रात ती बातमी येईल: मान्सून अंदमानात दाखल. त्या दिवशी आपल्या शेताचा विचार कराच, पण एक क्षण त्या रानाचाही करा. आणि जाण्याची तारीख ठरवायला बसाल तेव्हा परतीच्या तिकिटाआधी दोन दिवस मोकळे ठेवा.