तासिका किती तासांची?



आरोग्यविम्याचा हा विषय मे महिन्यात घेण्याला कारण आहे. तासिका तत्त्वावर शिकवणारा प्राध्यापक, ज्याला आपण सगळे 'सीएचबीवाला' म्हणतो, तो या महिन्यात कोणाच्याच मस्टरवर नसतो. पुढच्या नेमणुका होतील तेव्हा होतील. तोवर मानधन नाही, आणि तो आजारी पडला तर विचारपूस करायला कोणी बांधीलही नाही.

सरकारने काहीच केले नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना २०२३च्या निर्णयाने सगळ्या शिधापत्रिकाधारकांना खुली झाली; पांढरे कार्डवालेही आले. कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार, ही थोडी गोष्ट नव्हे. पण ते यादीतल्या रुग्णालयात आणि यादीतल्या आजारांसाठी, दाखल झाल्यावर. दर महिन्याला मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्याला त्याचा काय उपयोग? आणि पंधरा दिवस अंथरुणात गेले, तर बुडालेल्या तासिकांचे पैसे कोण देणार? खासगी पॉलिसी काढावी, तर अंगात आधीच असलेल्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबा. वैयक्तिक पॉलिसीवरचा जीएसटी सप्टेंबर २०२५मध्ये गेला. हप्ता काही गेला नाही.

नेहमीची औषधे आणि आजारपणात बुडालेली कमाई, या दोन्ही अडचणी ओळखणारी एक योजना आपल्याकडे जुनीच आहे: कर्मचारी राज्य विमा, म्हणजे ईएसआय. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असणाऱ्यांसाठी. पगार १८,००० धरा. कर्मचाऱ्याचा पाऊण टक्का म्हणजे १३५ रुपये, मालकाचे सव्वातीन टक्के म्हणजे ५८५. एवढ्यात तपासणी, औषधे, बायकामुले, अवलंबून असलेले आईवडील सगळे येतात. शिवाय आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के पगार.

मेख पुढे आहे. हा आजारपणाचा भत्ता मिळायला सहा महिन्यांत ७८ दिवसांची वर्गणी भरलेली हवी. पहिली सहामाही एप्रिल ते सप्टेंबर. आमच्या माणसाची नेमणूक ऑगस्टात, कॉलेजात येणे आठवड्याचे तीन दिवस. सप्टेंबरअखेर पंचवीसएक दिवस भरतात. दुसरी सहामाही ऑक्टोबर ते मार्च. सव्वीस आठवडे, गुणिले तीन, बरोबर ७८! आणि मध्ये दिवाळीची सुट्टी. म्हणजे ज्या संस्थेला योजना लागू आहे, तिथेही हा गडी या भत्त्याच्या बाहेरच.

म्हणून मी म्हणतो, मूळ दुखणे मोजणीत आहे. तासिकांचे बिल कधी पाहिले आहे का? तारीख, वर्ग, विषय, किती ते किती, विभागप्रमुखांची सही. पेपर तपासले, अंतर्गत मूल्यमापनाचे गुण भरले, यासाठी रकाना नाही. आता यूजीसीची २०१८ची नियमावली घ्या. पूर्णवेळ सहायक प्राध्यापकाचा आठवडा ४० तासांचा, त्यात प्रत्यक्ष अध्यापन १६ तास. भागाकार करा. वर्गातला एक तास म्हणजे अडीच तासांचे काम. हा हिशोब माझा नाही, यूजीसीचाच आहे! समजा, एखादी बाई सकाळी एका कॉलेजात आठवड्याला नऊ तास घेते आणि दुपारच्या एसटीने जाऊन दुसरीकडे नऊ. झाले अठरा. कायम प्राध्यापकापेक्षा दोन जास्त, आणि तरी दोन्हीकडे ती अर्धवेळच.

अमेरिकेचे दाखले द्यायची मला हौस नाही. आरोग्याच्या बाबतीत तर नाहीच. पण हा प्रश्न तिथेही आला. २०१४मध्ये तिथल्या करखात्याने विम्याच्या कायद्यासाठी ठरवले, की अर्धवेळ शिक्षकाच्या वर्गातल्या एका तासाला सव्वादोन तास काम धरले तरी चालेल. कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजांत तर पूर्णवेळ कामाच्या ४० टक्के भार असला की राज्याच्या विमा योजनेचा दरवाजा उघडतो, आणि तो भार वेगवेगळ्या कॉलेजांतला मिळून चालतो. या योजनेला वर्षानुवर्षे पाच लाख डॉलरसुद्धा मिळत नव्हते. २०२२मध्ये वीस कोटी झाले. त्यामागे अर्धवेळ शिक्षकांच्या संघटनांचा मोठा रेटा होता.

आपल्याकडे संघटना आहेत, पण त्यांच्या निवेदनांत सीएचबीवाल्यांचा विमा शेवटच्या ओळीत असतो, आणि कधीकधी तेवढाही नसतो. सभागृहात कायम प्राध्यापक बरेच दिसतात. त्यांना एवढेच सांगणे आहे: यंदाच्या निवेदनात ही मागणी पहिली घाला. आणि सीएचबीवर असलेल्यांनो, नेमणूकपत्र हातात पडेल त्याच दिवशी प्राचार्यांना लेखी विचारा, की आपल्या संस्थेला ईएसआय लागू आहे का. उत्तरही लेखीच मागा.