दरफळणीचा सण आणि आपले कर्तव्य

(पलूस येथे उपासक-उपासिकांच्या सभेत एका वकिलांनी दिलेले भाषण)



आपल्या गावचा एक तरुण पुण्यास नोकरी करतो. त्याच्या शेजारी बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, कुटुंब राहते. सणाच्या दिवसांत प्रार्थनामंदिरात माणसे कमी पडतात, तू हातभार लावशील काय, असे त्या कुटुंबाने त्यास विचारले. त्याने मला विचारले, "वकीलसाहेब, बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाने दुसऱ्या धर्माच्या प्रार्थनामंदिरात राबावे काय?" ही शंका त्या एकट्याची नाही, म्हणून तिचे उत्तर या सभेत देतो.

प्रथम हे लोक कोण, ते पाहू. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर आपल्या पूर्वजांचे गलबत फुटले व वाचलेली माणसे कोकणात वसली, अशी त्यांची परंपरा सांगते. पिढ्यान्‌पिढ्या त्यांनी तेलाचे घाणे चालविले. शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांस शनिवार तेली म्हणत. दिवेकर, केहीमकर, पेणकर अशी त्यांची आडनावे. घरची भाषा मराठी. 1796 साली सॅम्युएल दिवेकर यांनी मुंबईत त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर, म्हणजे सिनेगॉग, बांधले. इस्राएल राष्ट्र 1948 साली स्थापन झाल्यावर बहुसंख्य कुटुंबे तिकडे गेली. आज महाराष्ट्रात ते काही हजारच उरले आहेत. राज्य सरकारने 2016 साली त्यांस अल्पसंख्याकांचा दर्जा दिला.

त्यांचे मोठे सण आपल्या भाद्रपद-अश्विनाच्या सुमारास येतात. नववर्षास ते नव्याचा सण म्हणत. त्यानंतर दहाव्या दिवशी प्रायश्चित्ताचा उपवास. त्यास त्यांनी दरफळणीचा सण, म्हणजे दारे बंद करण्याचा सण, असे मराठी नाव दिले. पुढे पौर्णिमेस पानाफांद्यांच्या मांडवांचा सण लागतो. 2024 साली 12 ऑक्टोबरला आणि 2025 साली 2 ऑक्टोबरला दरफळणी व आपला धम्मचक्र प्रवर्तन दिन एकाच दिवशी आले. एकीकडे दीक्षाभूमीवर लाखोंचा सागर लोटला होता. दुसरीकडे सामुदायिक प्रार्थनेस लागणारे दहा प्रौढ पुरुष जमतात की नाही, अशी चिंता लहान गावांतील सिनेगॉगांस पडते. आपणही अनेक गावांत मूठभर आहोत. ही चिंता आपण समजू शकतो.

आता प्रतिज्ञांकडे वळू. त्या प्रतिज्ञांनी आपण देवदेवतांची उपासना सोडली, अवतार नाकारले, श्राद्ध-पिंडदान टाकले. शेजाऱ्यास मदत करणे सोडले नाही. उलट सर्व माणसे समान मानण्याची, दहा पारमिता पाळण्याची आणि प्राणिमात्रावर दया करण्याची शपथ त्याच प्रतिज्ञांत आहे. दहा पारमितांत पहिली दान ही आहे. आणि श्रमाचे दान हेही दानच होय. उपासना वेगळी, सेवा वेगळी. मांडवाचे बांबू उभारणे, पाणी भरून ठेवणे, वृद्धांस हात देऊन घरी पोचविणे, दारावर पहारा करणे, यांत प्रतिज्ञाभंग कोठे होतो? आपण त्यांच्या प्रार्थनेत सामील होऊ नये. त्यांनीही आपणांस तसा आग्रह करू नये. दहाव्या माणसाची जागा आपण भरू शकत नाही. परंतु तो दहावा वृद्ध सुखरूप पोचेल, एवढे आपण पाहू शकतो.

मात्र सेवेलाही शिस्त हवी. दरफळणीस व शब्बाथच्या दिवशी त्यांना दिवा पेटविणे, वाहन चालविणे, व्यवहार करणे वर्ज्य असते. जे काम त्यांस वर्ज्य, ते परधर्मीयाकडून सांगून करवून घेणेही त्यांचे शास्त्र सहसा मान्य करीत नाही. म्हणून काय करावे व काय करू नये, हे आदल्या दिवशीच विचारून घ्यावे. न विचारता केलेला उपकार अपमानही ठरू शकतो.

या लोकांचे दुःख आपणांस परके नाही. इस्राएलात गेलेल्या बेने इस्राएलांवर तेथील मुख्य धर्मपीठाने 1962 साली लग्नापूर्वी वंशाची चौकशी करून घेण्याची अट लादली. स्वधर्मीयांच्याच दारी त्यांना आपले ज्यूपण सिद्ध करावे लागले. त्यांनी जेरुसलेममध्ये धरणे धरले. 1964 साली तेथील संसद त्यांच्या बाजूने उभी राहिली आणि त्या अटीतील त्यांचे नाव काढावे लागले. आपणही धम्म स्वीकारला म्हणून अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलतींस मुकलो व 1990 साली कायदा बदलेपर्यंत झगडत राहिलो. कागद दाखवून आपण कोण हे पटविण्याचा शीण दोघांनाही ठाऊक आहे. बाबासाहेबांनी 1941 साली मोझेसवर लेख लिहिला, तो गुलामीतून लोकांना बाहेर काढणाऱ्या नेत्याची महती जाणूनच.

2019 च्या ऑगस्टात कृष्णेचा पूर आपल्या तालुक्यातील गावांत शिरला, तेव्हा दूरदूरच्या अनोळखी लोकांनी धान्य व कपडे पाठविले. ते घेताना आपण त्यांचा धर्म विचारला नाही. मग देताना तरी का विचारावा?

संविधानाच्या पंचविसाव्या कलमाने प्रत्येकास सद्‌सद्विवेकाचे स्वातंत्र्य दिले आहे. ज्या कलमाच्या आधाराने आपण बौद्ध म्हणून ताठ उभे आहोत, तेच कलम त्या दहा माणसांच्या प्रार्थनेचेही रक्षण करते. परंतु कलम कागदावर असते. त्यास हातपाय शेजाऱ्यांनी द्यावयाचे असतात. म्हणून त्या तरुणास मी सांगितले की, अवश्य जा, पंचशील मनात ठेवून जा. आपणांपैकी ज्यास असे बोलावणे येईल, त्यानेही जावे.

जयभीम.