घास अडकतो तेव्हा

आज तंजावरहून एका तपासणीबद्दल बोलतो.

घास छातीत अडकतो, वरून पाणी प्यायलं तरी उतरत नाही. ‘वय झालं’ म्हणून आपण सोडून देतो. सोडू नका. आधी दुर्बिणीची तपासणी करून घ्या. कर्करोग नाही ना, हे पहिल्यांदा पाहावं लागतं.

रस्ता मोकळा दिसला, तरी त्रास खोटा ठरत नाही. अन्ननलिका म्हणजे नुसता पाइप नव्हे. तिचे स्नायू घास खाली ढकलतात आणि खालची झडप वेळेवर उघडावी लागते. अकॅलेशियात ती नीट उघडत नाही. त्याचं निदान दाब मोजणाऱ्या मॅनोमेट्रीने होतं.

न्यूक्लिअर तपासणी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देते: मागे किती उरतं? टेक्नेशियम-९९एम मिसळलेला पाण्याचा घोट एका दमात गिळायचा. गॅमा कॅमेरा भराभर चित्रं घेतो. निरोगी माणसाचा बहुतेक घोट साधारण १५ सेकंदांत जठरात पोचतो. उरलेला भाग टक्क्यांत कळतो. या टेक्नेशियमचा किरणोत्सार दर ६ तासांनी निम्मा होत जातो.

टक्के कशाला? आपल्या सरफोजीराजांच्या काळी नेत्ररुग्णांच्या नोंदी डोळ्यांच्या चित्रांसह ठेवल्या गेल्या. त्या सरस्वती महालात आहेत. उपचाराआधीची नोंद असेल, तरच नंतरचा फरक कळतो. फुग्याने झडप रुंदावली, की पुन्हा तसाच घोट, तसंच मोजमाप. तेव्हा डॉक्टरांना जरूर विचारा: आधी किती उरत होतं, आता किती उरतं?