‘दोनशे’मधला ‘शे’ आणि काकांचा फॉरवर्ड

आजचा विषय थेट आमच्या फॅमिली ग्रुपवरून आलाय. काकांनी एक फॉरवर्ड टाकला: ‘संस्कृत शतम्‌चं लॅटिनमध्ये सेंटम झालं, म्हणजे युरोपच्या भाषा संस्कृतातूनच निघाल्या.’ खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग. मी कोड लिहिणारा माणूस, भाषाशास्त्र हा नुसता छंद. पण राहवलं नाही, लगेच उत्तर टाईप केलं. त्यातलं अर्धं बरोबर होतं, अर्धं चुकलं. आज दोन्ही सांगतो.

आधी बरोबर भाग. जुन्या लॅटिनमध्ये उच्चार सेंटम नव्हताच, ‘केंटुम’ होता. म्हणजे संस्कृतात जिथे ‘श’, तिथे त्यांचा ‘क’. एकच शब्द असता तर योगायोग म्हटलं असतं. पण बघा: दश, तिकडे देकेम. श्वन् म्हणजे कुत्रा, तिकडे कानिस. ग्रीकमध्येही दहाला देका. इंग्रजीत त्याच जागी ‘ह’ येतो: हंड्रेड, हाउंड. कारण जर्मानिक भाषांमध्ये जुन्या ‘क’चा ‘ह’ झाला. हा नियम याकोब ग्रिमने १८२२ मध्ये मांडला. हो, परीकथांवाला तोच ग्रिम!

मुद्दा हा, की शब्द सारखे दिसतात म्हणून भाषा नातेवाईक ठरत नाहीत. त्यांच्यातला फरक नियमाने पडतो, म्हणून ठरतात.

मग आधी कोण, क की श? ‘क’चा च, श किंवा स होणं जगात खूप ठिकाणी दिसतं. त्याच केंटुमचं पुढे इटालियनमध्ये ‘चेंतो’ झालं, फ्रेंचमध्ये ‘सां’. उलटा प्रवास फार दुर्मिळ. म्हणून मूळ भाषेत टाळूजवळ उच्चारला जाणारा एक ‘क’ होता, असं मानतात. या एका बाबतीत लॅटिन जास्त जुनं रूप सांभाळून आहे. संस्कृत तिची आई नाही, बहीण आहे. आणि आपल्या ‘दोनशे’मधला ‘शे’ त्या बहिणीच्या घरचा.

आता माझी चूक. मी पुढे ऐटीत लिहिलं: ‘मूळ भाषेचे आधी दोनच तुकडे पडले. पश्चिमेकडचा केंटुम गट आणि पूर्वेकडचा सतम गट.’ सतम म्हणजे इराणच्या अवेस्ता भाषेतलं शंभर. नकाशा किती सुंदर ना? एकोणिसाव्या शतकात बऱ्याच अभ्यासकांनाही तसंच वाटायचं.

मग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आजच्या चीनमधल्या तारीम खोऱ्यात जुनी हस्तलिखितं सापडली. बरीचशी बौद्ध, आणि लिपी ब्राह्मीचंच एक रूप. १९०८ मध्ये झीग आणि झीगलिंग या जर्मन अभ्यासकांनी दाखवलं, की ही भाषा इंडो-युरोपियन आहे. तिला तोखारी म्हणतात. तिच्यात शंभरला काय? ‘कन्ते’! भारत-इराणच्याही पूर्वेला, आणि चक्क ‘क’. नकाशा गेला.

गिट वापरणाऱ्यांना हे पटकन कळेल. दोन ब्रँचमध्ये एखादा कमिट आलेला नाही, म्हणून त्या एकमेकींच्या जवळच्या ठरत नाहीत. जवळचं नातं सिद्ध होतं ते दोघींनी मिळून केलेल्या नव्या बदलांवरून. ‘क’ तसाच राहिला, हा काही नवा बदल नाही.

बरं, ‘श’ झाला हेही एकटं पुरत नाही. लिथुआनियन भाषेत शंभर म्हणजे ‘शिम्तास’, म्हणजे ती सतमवाली. पण दगडाला ती ‘अकमुओ’ म्हणते, जिथे संस्कृतात ‘अश्मन्’ आहे. म्हणजे तिथे हा बदल सगळ्या शब्दांपर्यंत पोचलाच नाही. शेजारच्या बोलींमधून लाटेसारखा पसरत गेला असेल, तर असंच होणार. म्हणून आज गट ठरवताना एक नियम नाही, अनेक बदल एकत्र बघतात: ध्वनी, व्याकरण, शब्द.

मी काकांना व्हॉइस नोट पाठवली: ‘काका, तुमचा फॉरवर्ड चुकीचा होता, पण माझं उत्तरही अर्धं चुकलं.’ त्यांचा रिप्लाय आला: ‘मग दोनशेतला शे आपलाच ना?’ म्हटलं, हो काका, तो आपलाच.

तुमच्या ग्रुपवर असा फॉरवर्ड आला, तर एका शब्दावर भांडू नका. आधी विचारा, नियम काय? भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!