मॉरिशसचा पाडवा आणि आपली मराठी

(इंदूर येथील व्याख्यानाचा संपादित भाग)



चैत्र शुद्ध प्रतिपदेला आपण इंदुरात गुढी उभारतो, तेव्हा ऊन तापू लागलेले असते, कडुनिंबाला कोवळी पालवी असते, बाजारात कैरी आलेली असते. त्याच दिवशी मॉरिशसमधल्या मराठी घरांतही पाडवा असतो. पण ते बेट विषुववृत्ताच्या दक्षिणेस, सुमारे वीस अंशांवर आहे. तिथे त्या वेळी उन्हाळा सरत असतो, चक्रीवादळांचा मोसम संपत आलेला असतो आणि आंब्याचा हंगाम होऊन गेलेला असतो. आपल्या पंचांगातला वसंत तिथे शरदाच्या तोंडावर येतो. तरीही त्या लोकांनी तिथी बदलली नाही.

हे लोक तिथे गेले कसे? मॉरिशसमध्ये १८३५ साली गुलामगिरी संपली. उसाच्या मळ्यांना माणसे हवी होती, म्हणून १८३४ पासूनच हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर नेले जाऊ लागले. पुढच्या काही दशकांत सुमारे साडेचार लाख माणसे तिथे उतरली. त्यांतले मराठी लोक मुख्यतः कोकणातले, मुंबई बंदरातून गेलेले. पोर्ट लुईच्या ज्या आप्रवासी घाटावर मजुरांची नोंद होई, त्याला युनेस्कोने २००६ साली जागतिक वारशाचा दर्जा दिला. गुढीला आपण हौसेने साखरेची गाठी बांधतो; हे लोक साखरेपायीच समुद्रापार गेले.

आपले पूर्वज माळव्यात आले ते मराठी सत्तेबरोबर. होळकरांच्या राज्यात मराठीला दरबार होता, दप्तर होते. मॉरिशसच्या मराठीला असा कोणताच आधार नव्हता. मळ्यावर क्रेओल, हिंदी माणसांत भोजपुरी, कचेरीत इंग्रजी-फ्रेंच. सणांनाही मोठ्या शेजाऱ्यांबरोबर राहावे लागले. तिथल्या सरकारी सुट्ट्यांच्या यादीत या दिवसाचे नाव 'उगादी' असे आहे, म्हणजे तेलुगू नववर्ष. पाडवा त्याच सुट्टीत साजरा होतो. गणेश चतुर्थीला मात्र स्वतंत्र सुट्टी आहे. कोकणातली जाखडी तिथे 'झाकरी' या नावाने अजून गायली-नाचली जाते.

आता मुद्द्यावर येतो. त्या घरांतली रोजची बोली बहुतेक ठिकाणी क्रेओल झाली आहे. सण मात्र राहिला. म्हणजे भाषा मागे पडली तरी सण चालू शकतो. आणि तिथे आज जी मराठी आहे, ती बरीचशी वर्गात शिकवली जाते म्हणून आहे: सरकारी प्राथमिक शाळांत, आणि १९७० साली स्थापन झालेल्या मोका येथील महात्मा गांधी संस्थेत.

आपण नेमके उलटे गृहीत धरतो. पाडव्याची शोभायात्रा निघाली, लेझीम-ढोल वाजले, की मराठी सुखरूप आहे असे वाटते. त्याच यात्रेत मुले आपसांत हिंदीत बोलत असतात. हिंदी आपलीच आहे, तिच्याशी भांडण नाही. पण घरातली मराठी आपोआप पुढे जाईल, हा भरवसा मॉरिशसच्या लोकांनी धरला नाही. त्यांनी वर्ग उघडले.

येथे बसलेल्या शिक्षकांना आणि पालकांना माझे एकच मागणे आहे. येत्या पाडव्याला गुढीच्या सामानाची यादी मुलांकडून मराठीत लिहून घ्या: काठी, खण, गाठी, तांब्या, डहाळी, पाट. मग प्रत्येक वस्तू कशासाठी, हे त्यांना मराठीत सांगायला लावा. जिथे मूल अडेल, तिथून आपला वर्ग सुरू करू.