फ्रेझरपुऱ्याचे न्यायमूर्ती आणि झोपडीचा न्याय

(नांदगाव पेठ येथे कार्यकर्त्यांच्या बैठकीत झालेले भाषण)



अमरावतीचा फ्रेझरपुरा नांदगाव पेठेहून फार दूर नाही. त्या कष्टकऱ्यांच्या वस्तीत वाढलेला आणि नगरपालिकेच्या मराठी शाळेत शिकलेला मुलगा 14 मे 2025 रोजी भारताचा सरन्यायाधीश झाला. भूषण रामकृष्ण गवई हे त्या पदावरील पहिले बौद्ध आणि के. जी. बालकृष्णन यांच्यानंतरचे दुसरे दलित. वऱ्हाडाला याचा अभिमान वाटला, तो स्वाभाविकच होय. परंतु न्यायाधीशाची पारख जन्मावरून नव्हे, निकालांवरून करावयाची असते. त्या कसोटीला गवईंची कारकीर्द लावली, तर श्रमिक चळवळीला समाधान वाटावे असे तेथे पुष्कळ आहे. आणि अस्वस्थ व्हावे असेही काही आहे.

प्रथम एक भाबडी समजूत दूर केली पाहिजे. 'झोपडपट्टीतून न्यायासनाकडे' ही वर्तमानपत्री कथा अर्धीच खरी आहे. त्यांचे वडील दादासाहेब रा. सु. गवई हे दर्यापूर तालुक्यातील दारापूरचे. रिपब्लिकन चळवळीचे हे नेते विधान परिषदेचे सभापती झाले, पुढे बिहारचे आणि केरळचे राज्यपाल झाले. घर श्रीमंत नसेल, पण राजकारणाने आणि आंबेडकरी विचाराने भारलेले होते. असा आधार नसलेली फ्रेझरपुऱ्यातील इतर हुशार मुले कोठे गेली, हा प्रश्न त्या कथेत कोणी विचारीत नाही.

गवई 1985 च्या मार्चमध्ये वकिलीत आले. आरंभी राजा भोसले यांच्या हाताखाली, नंतर मुंबईत व पुढे नागपूर खंडपीठात त्यांनी वकिली केली. नागपूर व अमरावती या दोन्ही महापालिकांचे ते वकील होते. ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. अतिक्रमणाची नोटीस कशी निघते आणि ती कशी 'बजावली' जाते, हे या माणसाला कचेरीच्या बाजूने ठाऊक असणार. नोव्हेंबर 2003 मध्ये ते मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले, 24 मे 2019 रोजी सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 23 नोव्हेंबर 2025 रोजी निवृत्त झाले. सरन्यायाधीशपद लाभले ते जेमतेम सहा महिने. त्यातही 6 ऑक्टोबर 2025 रोजी भर न्यायालयात एका वकिलाने त्यांच्या दिशेने बूट फेकण्याचा प्रयत्न केला. त्यांनी विचलित न होता कामकाज पुढे चालविले.

नोटाबंदीच्या खटल्यात मात्र त्यांनी निराशा केली. 2 जानेवारी 2023 रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने चार विरुद्ध एक अशा मतांनी तो निर्णय वैध ठरविला. बहुमताचा निकाल गवईंनी लिहिला. न्यायमूर्ती नागरत्ना एकट्या विरोधात उभ्या राहिल्या. निर्णयाची प्रक्रिया सदोष नव्हती, असे बहुमताने ठरविले. नोव्हेंबर 2016 हे ऐन कापसाच्या हंगामाचे दिवस होते. वेचणीची मजुरी रोखीनेच द्यावी लागते, हे वऱ्हाडात जन्मलेल्या न्यायाधीशाला कोणी सांगावयास नको होते.

1 ऑगस्ट 2024 च्या उपवर्गीकरणाच्या निकालाची गोष्ट निराळी. अनुसूचित जातींतील सुस्थितीत पोचलेल्यांना आरक्षणातून वगळण्याचे धोरण सरकारने आखावे, असे मत त्यांनी स्वतंत्रपणे नोंदविले. त्यांच्याच समाजातून त्यावर कडवट टीका झाली. अस्पृश्यतेचा डाग पगाराने पुसत नाही, हा टीकाकारांचा मुद्दा खरा आहे. पण ज्याला टाळ्या सहज मिळाल्या असत्या त्याने आपल्याच माणसांचा रोष पत्करला, हेही नोंदविले पाहिजे.

सर्वांत मोलाचा निकाल 13 नोव्हेंबर 2024 चा. आरोपीचे घर बुलडोझरने पाडण्याची नवी राजनीती काही राज्यांनी सुरू केली होती. कुटुंबातील एकावर आरोप, तोही सिद्ध न झालेला, आणि शिक्षा मात्र म्हाताऱ्या आईला व लेकरांना! न्यायमूर्ती गवई आणि न्यायमूर्ती विश्वनाथन यांनी ती बेकायदा ठरविली. निवारा हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. पाडण्यापूर्वी पंधरा दिवसांची नोटीस हवी. ती नोंदणीकृत टपालाने पाठवावी आणि घरावरही चिकटवावी. मालकाचे म्हणणे प्रत्यक्ष ऐकावे. अंतिम हुकूमानंतरही पंधरा दिवस थांबावे. पाडकामाचे चित्रीकरण करावे. नियम मोडणाऱ्या अधिकाऱ्याकडून नुकसानीची वसुली व्हावी, हे कलम तर कचेऱ्यांना झोंबणारे आहे.

परंतु याच निकालात एक अपवाद आहे. रस्ता, पदपथ, रेल्वेमार्गालगतची जागा, नदी वा जलाशय येथील अनधिकृत बांधकामांना हे संरक्षण नाही. आता विचार करावा, भूमिहीन मजूर झोपडी बांधतो ती कोठे? नाल्याच्या काठी, रुळांच्या कडेला, हमरस्त्यालगत. ज्याचे घर कागदावर आहे त्याला पंधरा दिवस मिळाले. ज्याच्याजवळ कागदच नाही तो पुन्हा उघड्यावर राहिला. 1985 साली मुंबईच्या पदपथवासीयांच्या खटल्यात सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या घटनापीठानेही असेच केले होते. उपजीविकेचा हक्क हा जगण्याचाच हक्क होय, असे थोर तत्त्व सांगितले, आणि झोपड्या हटविण्यास पावसाळ्यापुरतीच मुदत दिली. चाळीस वर्षांत तत्त्व पुढे गेले. पदपथ होता तेथेच आहे. ही उणीव न्यायालय भरून काढणार नाही. त्यासाठी घरांच्या जागांचे पट्टे हवेत आणि ते विधानसभेकडून व महसूल खात्याकडून भांडूनच घ्यावे लागतील.

तोवर हाती आलेले हत्यार गंजू देऊ नये. नांदगाव पेठेत औद्योगिक वसाहतीच्या आसऱ्याने मजुरांनी घरे बांधली असतील, तर त्यांपैकी कोणती या अपवादात बसतात आणि कोणती बसत नाहीत, याची यादी कार्यकर्त्यांनी नोटीस येण्यापूर्वीच करावी. नोटीस काढताच तिची खबर जिल्हाधिकारी कार्यालयास ई-मेलने द्यावी, असे निकालात सांगितले आहे. मागील तारीख घालण्याच्या लबाडीला आळा बसावा, हा त्यातील हेतू. तेव्हा नोटीस हाती पडली की प्रथम तारीख पाहावी, आणि त्या ई-मेलची नोंद अमरावतीस जाऊन लेखी मागावी.